भरलेलं कपाट

पोलादपूर सोडल्यापासून आमोद आणि इरावती एकमेकांशी बोलले नव्हते. पुढे भरतचा टेम्पो चालला होता आणि त्याच्याकडे बघत राहणं दोघांनाही सोयीचं होतं. टेम्पोवर निळी ताडपत्री, तिच्यावर आडवेतिडवे दोर, आणि आत उभं करून बांधलेलं कपाट. घरात सगळे त्याला कपाटच म्हणत. स्टीलचं, जाड काचेच्या दाराचं, माणसाच्या खांद्याइतकं उंच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची एक लहानशी शेड होती, तिथे ते तयार झालं होतं आणि आज खेडच्या एका दवाखान्यात बसणार होतं.

बोगद्याच्या तोंडाशी माती आली म्हणून सगळ्या गाड्या जुन्या कशेडी घाटाने सोडल्या होत्या. पाऊस सकाळपासून एका लयीत लागला होता. एका वळणावर टेम्पोचे मागचे लाल दिवे लागले ते विझलेच नाहीत. आमोदने हँडब्रेक ओढला. जरा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं.

भरत रेनकोटची टोपी ओढत पुढे जाऊन आला. तो दासगावचा, शेडची ने-आण तोच करायचा. आमोदने काच बोटभर खाली केली.

"वर दरड आलीय साहेब. खेडकडनं जेसीबी यायचाय. दुपार तर जाईलच."

"मागे वळवता येईल?"

"कुठनं वळवणार? मागं कंटेनर लागलेत पार खालपर्यंत."

तो परत टेम्पोत जाऊन बसला. गाडीच्या डाव्या अंगाला कापलेला डोंगर होता, त्याच्यावरून गढूळ पाणी उतरत होतं. उजवीकडे कठडा आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं. दार उघडून बाहेर पडावं म्हटलं तर इरावतीच्या बाजूला दार आणि डोंगर यांच्यात माणूस तिरका होऊनच मावला असता. काचांवर आतून वाफ धरू लागली.

इरावती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट झालेली होती. लग्नाआधी ती गुजरातमधल्या एका संशोधन संस्थेत काम करायची. बंद डब्यातली हवा काढून टाकायची, त्यात थोडासा गॅस सोडायचा आणि दोन पत्र्यांमध्ये रेडिओच्या वारंवारतेची वीज द्यायची. मग गॅस जांभळा उजळतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या उजेडात नेमकं काय चालतं हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ती संगणकावर त्याचं सिम्युलेशन करायची. लाखो इलेक्ट्रॉन एकेक करून चालवायचे, कोण कुठे आदळतो, कोण परत फिरतो ते मोजत राहायचं. आमोद तेव्हा महाडच्या एका औषध कारखान्यात मेंटेनन्सला होता. लग्न ठरल्यावर तो तिची प्रयोगशाळा बघायला गेला. बराच वेळ तो काचेला नाक लावून जांभळा उजेड बघत उभा राहिला आणि मग त्याने विचारलं, "हे जंतू मारेल का?"

"मारेल," ती म्हणाली होती.

त्या प्रश्नामागे कारण होतं. त्याच्या वडिलांचं, श्रीधर मास्तरांचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि जखमेत पू झाला होता. किती महिने ते कुशीवर वळू शकत नव्हते. साधनं नीट निर्जंतुक झाली नसावीत असं नंतर कुणीतरी म्हणालं. पोलादाच्या कात्र्या वाफेत उकळता येतात, पण प्लॅस्टिकच्या नळ्या, पोटात घालायच्या दुर्बिणी वाफेने खराब होतात, आणि लहान गावातले दवाखाने त्या कसल्याशा पाण्यात बुडवून पुन्हा वापरतात. आमोदच्या मनात ते घर करून बसलं होतं. प्लाझ्मा थंड असतो. त्यात नळी वितळत नाही.

इरावती संस्था सोडून महाडला आली. दोघांनी पहिली पेटी बनवली, कुकरपेक्षा थोडी मोठी. ती उत्तम चालली. महाडमधल्या दोन डॉक्टरांनी ती घेतली, मग माणगावला गेली, मग रोह्याला. श्रीधर मास्तर शेडमध्ये बसून फोन घेऊ लागले. सासूबाई, प्रमोदिनी, जंतू मेले की नाही ते दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मोजून पाकिटात भरू लागल्या. दासगावची चार माणसं कामाला लागली. संध्याकाळच्या जेवणात दुसरा विषय नसायचा. इरावतीला ते आवडायचं आणि कधी कधी गुदमरायलाही व्हायचं, कारण घरी कंटाळून ऑफिसला जावं किंवा ऑफिसला कंटाळून घरी यावं अशी सोय राहिली नव्हती.

मग दवाखाने मोठी पेटी मागू लागले. एका वेळी दिवसभराची साधनं मावतील अशी.

"तुझ्या थीसिसमध्येच आहे ना ते," आमोद म्हणाला होता. "लहानाचं मोठं कसं करायचं."

होतं. पत्र्यांमधलं अंतर तिप्पट केलं तर गॅसचा दाब एक तृतीयांश करायचा, वारंवारताही एक तृतीयांश करायची, म्हणजे मोठ्या डब्यात लहान डब्यासारखाच प्लाझ्मा मिळतो, फक्त तिप्पट आकाराचा. आमोदने नियम तंतोतंत पाळला. वारंवारता कमी करणारा वीजपुरवठा मुद्दाम बनवून घेतला. कपाटाचं दार पहिल्यांदा लावलं, पंपाने हवा ओढली, आणि आतला उजेड वरच्या ट्रेपासून खालच्या ट्रेपर्यंत सारखा पसरला तेव्हा शेडमधली सगळी माणसं काम टाकून बघायला आली. ट्रेवर ठेवलेल्या पट्ट्यांवरचे जंतू सगळे मेले होते.

पण त्या वेळी कपाट रिकामं होतं.

इरावतीने भरलेल्या कपाटाचं सिम्युलेशन लावलं. घरच्या संगणकावर ते चालायला फार दिवस लागले आणि गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. प्लाझ्मा कुठल्याही वस्तूला अगदी चिकटत नाही, वस्तूभोवती एक पातळ अंधारी पट्टी सोडतो. लहान पेटीत ती पट्टी इतकी बारीक असते की दोन कात्र्यांच्या फटीतही उजेड शिरतो. मोठ्या कपाटात नियमाने सगळंच तिप्पट केलं होतं, ती अंधारी पट्टीसुद्धा. कात्र्या आणि चिमटे मात्र होते तेवढेच राहिले होते. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन चिमट्यांच्या अंधाऱ्या पट्ट्या एकमेकींना भिडत होत्या आणि मधे काहीच पेटत नव्हतं. नळ्यांच्या आत तर नाहीच. तिने आकडे बदलून पुन्हा चालवलं, पुन्हा तेच आलं. शेडमध्ये जाऊन खरं कपाट साधनांनी भरून तिने मधल्या ट्रेमध्ये कागदी पट्ट्या ठेवल्या. पट्ट्यांवरचे जंतू जिवंत निघाले.

तिने आमोदला त्याच दिवशी सांगितलं होतं. तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "खेडचं होऊन जाऊ दे. ट्रेचं काय ते मग बघू."

आता घाटात, बंद गाडीत, तिने तेच पुन्हा काढलं.

"तिथे पोचल्यावर मी काय बोलू?"

"नेहमीचं. प्लाझ्मा म्हणजे काय, थंड कसा असतो. डॉक्टरांना तुझं ऐकायला आवडतं."

"आणि भरल्यावर चालत नाही ते?"

"प्रात्यक्षिकाला मी साधनं लांब लांब ठेवणार आहे. लांब ठेवली तर चालतं ना?"

"चालतं. दवाखान्यात घाईच्या वेळी कोण लांब लांब ठेवणार आहे, आमोद? त्यांना हवंय कशासाठी? जास्त मावतं म्हणून."

"आपण त्यांना सूचना देऊ. हळूहळू ट्रे बदलून देऊ. प्रत्येक यंत्र असंच सुधारत जातं." त्याने बाहीने समोरची काच पुसली. "नियम तुझा आहे, इरा. मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही."

"नियम बरोबरच आहे."

"मग?"

"कात्र्यांना तो माहीत नाही."

आमोद हसला नाही. तीही हसवण्यासाठी बोलली नव्हती. पुढच्या टेम्पोच्या ताडपत्रीत पाणी साचून फुगवटा आला होता. वाऱ्याने तो एका बाजूला कलला आणि पाणी रस्त्यावर ओतलं गेलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घाटात रेंज येत-जात होती. खेडच्या दवाखान्यातल्या सर्जन दर्शना मॅडम होत्या.

"इरावतीताई, कुठवर आलात? इकडे म्हणतायत घाट बंद आहे."

"कशेडीत अडकलोय. दुपारनंतर सुटेल म्हणतात."

"बरं. उशीर झाला तरी आज या. आमचा जुना वाफेवरचा ऑटोक्लेव्ह कुरकुर करतोय, म्हणून उद्याच्या ऑपरेशनची साधनं मी तुमच्याच यंत्रात लावायची ठरवलीत. दुर्बिणीपण." आवाज तुटला आणि परत आला. "आमोद सर म्हणाले, तुम्ही स्वतः पूर्ण भरलेल्या कपाटात तपासून बघितलंय. म्हणून मी निर्धास्त आहे. तपासलंय ना?"

इरावतीने आमोदकडे पाहिलं. फोनमधला आवाज बारक्या गाडीत त्यालाही ऐकू जात होता. तो समोर बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जशी काही गाडी चालूच आहे.

"हो," ती म्हणाली. "पोचलो की बोलू."

फोन ठेवल्यावरही तिला आपलाच तो 'हो' ऐकू येत राहिला. तपासलं तर होतंच, तो खोटा नव्हता. आणि तरी त्याच्याइतकं खोटं ती कधी बोलली नव्हती.

"तू त्यांना माझं नाव सांगितलंस," ती म्हणाली.

"तुझ्या नावाशिवाय त्या घेणार नव्हत्या."

"कधी सांगितलंस?"

"महिना झाला असेल. तेव्हा मला वाटत होतं चालेल."

"आणि गेल्या आठवड्यात कळल्यावर?"

तो एकदम बोलू लागला, थांबताच येत नसल्यासारखा. बाबा रोज फोन घेतात, त्यांना त्या खुर्चीवर बसून किती बरं वाटतं. दासगावच्या माणसांनी कारखान्यातल्या शिफ्ट सोडून आपल्याकडे काम धरलं. हे एक कपाट बसलं की पुढची चार बसतील, आणि एक परत आलं की सगळ्या तालुक्यात होईल. "एक फोन केलास तर शेड बंद, इरा. एवढंच आहे ते."

तिने पुन्हा फोन पाहिला. रेंज गेली होती. पुन्हा पाहिला. गेलेलीच होती. गाडीत श्वासाला ओलसर वास येत होता. तिने काच खाली केली तर पाऊस आत आला, वर केली तर पुन्हा ती वाफ. तिच्या मनात आलं, हे दुपारी सुटेल, आपण खेडला पोचू, दवाखान्यात चहा येईल, आणि मी प्लाझ्मा थंड कसा असतो ते सांगत असेन. तो चहा, ती खुर्ची, सगळं तिला आत्ताच दिसत होतं. आणि उद्या सकाळी कुणाच्या तरी पोटात ती दुर्बीण जाईल.

मागून ओरडण्याचा आवाज आला. भरत उतरून मागे गेला आणि परत येऊन त्याने काचेवर टकटक केलं.

"मागंपण झाड आलंय आडवं, मातीसकट. आता दोन्हीकडनं बंद."

त्याच्या मागोमाग एक म्हातारी बाई गाड्यांच्या कडेकडेने येत होती. डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं, हातात किटली आणि कागदी पेल्यांची चळत. प्रत्येक गाडीपाशी ती थांबत होती. इरावतीने दार ढकलून फट केली आणि तिरकी होऊन बाहेर पडली.

"पावसात कुठे चाललीस?" आमोदने विचारलं.

"रेंज बघायला."

त्याने तिचा हात धरला नाही. नुसता बघत राहिला. तिला वाटलं होतं तो काही बोलेल, आणि तो बोलला असता तर ती थांबली असती की काय, हे तिला पुढेही कधी नीट ठरवता आलं नाही.

"मावशी, इथे फोन कुठे लागतो?" तिने विचारलं.

"हितं नाय लागत गो बाय. वर आमच्या वाडीत देऊळ हाय, त्याच्या पायरीवर लागतो." म्हातारीने किटली हलवून पाहिली, ती रिकामी झाली होती. "चल, मीपण वरच चाललेय. सांभाळ, दगड निसरडे हायेत."

तिचं नाव ठकूबाई. वाट डोंगराच्या कडेने चढत होती, पायाखालून पाणी धावत होतं. इरावतीच्या चपला दोनदा निसटल्या तेव्हा तिने त्या हातात घेतल्या. ठकूबाई पुढे चालताना बोलत होती, मागे न बघता.

"नवरा नाय आला?"

"गाडीशी थांबलाय."

"भांडलात?"

"हो."

"गाडीत कोंडून पडल्यावर भांडणारच." ती थोडं चढून थांबली, दम खाल्ला. "माझा भिकू मुंबयला हाय, हॉटेलात. त्याचा फोन यायचा आसला की मी त्या पायरीवर जाऊन बसते. येतो म्हणतो, दर खेपेला येतो म्हणतो. मी घर सारवून ठेवते. मग नाय येत. त्याला म्हटलं, नाय येणार तर नाय येणार सांग रे. मला त्याचं काय नाय वाटत. सारवून बसते त्याचंच वाटतं."

देऊळ म्हणजे पत्र्याची पडवी असलेली एक बुटकी खोली होती. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की पायरीवर बसूनही इरावतीला फोनची घंटा नीट ऐकू येईना. ठकूबाई पडवीत खांबाला टेकून बसली आणि पदराने पाय पुसू लागली. फोन लागला.

"मॅडम, इरावती बोलतेय. मघाशी मी चुकीचं सांगितलं."

"काय? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"भरलेल्या कपाटात साधनं निर्जंतुक होत नाहीत."

"काय होत नाही?"

ती उभी राहिली आणि ओरडून बोलू लागली. घरात चार भिंतींच्या आत हळू आवाजातच बोलायची ठरलेली गोष्ट तिला डोंगरावर उभं राहून, एका अनोळखी बाईसमोर, शब्द तोडून तोडून सांगावी लागली. "कपाट भरल्यावर मधल्या ट्रेमधले जंतू मरत नाहीत. मी तपासलं. जिवंत राहतात. नळ्यांच्या आत काहीच होत नाही. उद्या ते वापरू नका."

रेंज गेली की काय म्हणून तिने फोन कानावरून काढून पाहिला.

"मघाशी मी स्पष्ट विचारलं," दर्शना मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"का?"

"शेजारी आमोद होता."

"आणि उद्या टेबलावर माझा पेशंट असता." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "ठीक आहे. उद्याचं मी पुढे ढकलते. जुना ऑटोक्लेव्ह दुरुस्त होतोय का बघते. यंत्र आणू नका."

फोन बंद झाला. इरावती पायरीवर बसली. तिला वाटत होतं रडू येईल, पण आलं नाही. थोड्या वेळाने ठकूबाई आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली.

इरावती खाली आली तेव्हा आमोद गाडीच्या बाहेर, टेम्पोच्या आडोशाला उभा होता. तिच्या हातातल्या चपला आणि चिखलाने भरलेले पाय त्याने पाहिले.

"काय म्हणाल्या?"

"आणू नका म्हणाल्या."

त्याने मान हलवली. "निदान मला विचारून करायचंस."

"माझं नाव घेताना तू मला विचारलं होतंस?"

दोघांना जायला दुसरी जागा नव्हती. ती गाडीत बसली, थोड्या वेळाने तोही येऊन बसला. एवढं मोठं काहीतरी करून माणसाने निघून जावं, दार आपटून कुठेतरी चालू पडावं, असं तिला वाटत होतं. पुढे दरड होती आणि मागे झाड. तिचा कोपर त्याच्या कोपराला लागत होता. त्याच्या शर्टाला शेडमधल्या पंपाच्या तेलाचा वास येत होता, घरच्या उशीलाही येतो तोच. गुजरातच्या संस्थेत तिची जागा अजून भरली नव्हती, हे तिला माहीत होतं. ती गेली तरी श्रीधर मास्तर सकाळी शेडमध्ये येऊन खुर्चीवर बसतील आणि फोनकडे बघत राहतील, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी ती आलटून पालटून मनात आणत राहिली. कुठलीच पुढे सरकत नव्हती.

पाऊस ओसरल्यावर पुढून हॉर्नचे आवाज येऊ लागले. भरत काचेपाशी आला.

"पुढची लाइन सोडतायत, साहेब. चला."

"आपल्याला परत जायचंय, भरत."

भरतने दोघांकडे पाहिलं. "मागचं झाड आजून तसंच हाय. हितं पोलीस थांबू देनार नायत. पुढंच जावं लागेल."

अशा रीतीने, जे यंत्र तिथे कुणालाच नको होतं ते घेऊन, ते खेडच्या दिशेने निघाले.

दवाखान्याचं आवार रस्त्याला लागूनच होतं. टेम्पो उभा करायला दुसरी जागा मिळेना म्हणून भरतने तो आवारातल्या आंब्याखाली घेतला. दर्शना मॅडम पोर्चमध्ये आल्या. चाळिशीतल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं आणि मग इरावतीकडे.

"मी आणू नका म्हटलं होतं."

इरावती तोंड उघडणार तेवढ्यात आमोद पुढे झाला. तो काय बोलेल याची तिला भीती वाटली. तो फार छान बोलायचा, समोरचं माणूस वळवायचा.

"घाटात मागे वळता आलं नाही," तो म्हणाला. "यंत्र उतरवणार नाही. रस्ता मोकळा झाला की नेतो." तो थांबला. "भरलेल्या कपाटात चालतं, असं इरावतीने कधीच म्हटलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने सांगितलं. चालत नाही हे तिने मला आठवड्यापूर्वीच दाखवलं होतं. मला ते तुम्हाला सांगायचं नव्हतं."

दर्शना मॅडमनी डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. "तुमच्या वडिलांचं तुम्ही मला सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या. "ते ऐकून मी यंत्र मागवलं होतं."

"हो."

"टेम्पो राहू दे इथे. रुग्णवाहिकेची वाट तेवढी अडवू नका." आणि त्या आत निघून गेल्या. त्यांनी इरावतीचाही निरोप घेतला नाही.

त्या रात्री ते बसस्टँडजवळच्या एका लॉजवर राहिले. सकाळी उठून टेम्पोपाशी आले तर घाट अजून बंदच होता. भरतला दुसऱ्या कुणाचा तरी माल उचलायचा होता, तो कपाट कुठे उतरवायचं ते विचारत होता. उतरवायला जागा नव्हती. आमोदने टेम्पोवर चढून दोर सैल केले, आत पाणी शिरलंय का पाहायला. इरावतीने ताडपत्रीचं टोक वर धरलं.

"बाबांना तू सांगणार की मी?" त्याने आतून विचारलं.

"तू."

"हं." काचेच्या दारावरून त्याने हात फिरवल्याचा आवाज आला. "दाब वाढवला तर? ती अंधारी पट्टी बारीक होईल ना?"

"होईल. पण मग उजेड पत्र्याशीच चिकटून राहतो, मधल्या ट्रेपर्यंत पोचत नाही. मी चालवून बघितलंय."

"म्हणजे मोठं होतच नाही."

"साधनं आहेत तेवढीच राहणार असतील तर नाही."

तो बराच वेळ आत तसाच उकिडवा बसून राहिला. तिचे हात भरून आले तरी तिने टोक सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाट सुटला आणि कपाट महाडला परत आलं. आमोदने वडिलांना शेडमध्येच सांगितलं. मास्तर ऐकून घेऊन उठले आणि घरी चालत गेले, काही दिवस आले नाहीत, मग पुन्हा येऊन बसू लागले. शेड बंद पडली नाही. लहान पेट्या थोड्या थोड्या जात राहिल्या, पण दासगावच्या चार माणसांपैकी दोन पुन्हा कारखान्याच्या शिफ्टला लागली, आणि पावसाळा संपता संपता आमोदही लागला. तो दुपारच्या पाळीला जातो, सकाळी शेडमध्ये असतो. इरावती दिवसभर असते. गुजरातच्या संस्थेला तिने एकदा फोन केला होता. यायचं असेल तर दिवाळीपर्यंत कळवा, असं ते म्हणाले. तिने घरात ते सगळ्यांना सांगितलं, दुपारी जेवताना, भाकरी वाढता वाढता. प्रमोदिनीबाईंचा हात थांबला. आमोद म्हणाला, "तुला जायचंय का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण लपवून ठेवायचं नव्हतं."

ताट उचलून तो मोरीकडे गेला, कारण कारखान्याची बस नाक्यावर यायची वेळ झाली होती आणि ती थांबत नसे.